साठ जागा, सदुसष्ट विद्यार्थी: एका विषयनिवड प्रणालीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक मोठं स्वायत्त महाविद्यालय. गाव, नाव आणि विषय इथे बदलले आहेत. आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत, पण हिशोब बिघडू दिलेला नाही. महाविद्यालयासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तेव्हा टीम लीड होतो. चार डेव्हलपर, एक टेस्टर आणि मी, एवढीच आमची टीम.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचाही विषय घ्यावा लागतो. त्याला सगळे ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. या महाविद्यालयात असे ४२ विषय होते, प्रत्येकाला ६० जागा. विद्यार्थी २,४००. म्हणजे जागा एकूण पुरेशा होत्या, पण ‘शेअर बाजाराची ओळख’ हा एक विषय जवळजवळ सगळ्यांनाच हवा होता. नियम होता प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. आदल्या वर्षी हे कागदावर झालं तेव्हा मुलं पहाटे पाचपासून ऑफिसच्या खिडकीशी रांगेत उभी होती. ती रांग बंद व्हावी म्हणून आमचं काम सुरू झालं.

फंक्शनल टेस्टिंग (प्रत्येक गोष्ट ठरल्याप्रमाणे घडते का हे तपासणं) आम्ही मनापासून केलं होतं. २८६ टेस्ट केस होत्या. स्वतःच्याच शाखेचा विषय निवडला तर अडवतं का, फी बाकी असलेल्याला आत घेतं का, मराठी नाव पावतीवर नीट उमटतं का, मोबाइलवरून बॅक दाबलं तर काय होतं. ‘जागा संपल्या’ हा केसही होता. साठ डमी विद्यार्थी एका विषयात भरायचे, एकसष्टाव्याने लॉगिन करून तोच विषय दाबायचा, ‘जागा शिल्लक नाहीत’ असं दिसलं पाहिजे. दिसत होतं. शेवटच्या आठवड्यात सगळे केस पास झाले.

परफॉर्मन्स टेस्टिंगही, म्हणजे गर्दीत वेग टिकतो का हे बघणंही, ‘झालं’ होतं. जेमीटर या खोटी गर्दी उभी करणाऱ्या साधनात शंभर यूजर, लॉगिनचं पान, पाच मिनिटं, सरासरी उत्तर ३०० मिलिसेकंदांत. रिलीजच्या कागदावर मी स्वतः त्या ओळीपुढे टिक केली. ती चाचणी लॉगिनच्या पुढे गेलीच नव्हती. ज्या बटणावर सगळे तुटून पडणार होते त्या बटणाला आम्ही हातही लावला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रिलीजच्या आधीच्या बैठकीत आमच्या टेस्टरने विचारलं होतं, “सर, एकच जागा उरलीय आणि दोघांनी एकाच क्षणी दाबलं तर?” एकट्याने हे तपासता येत नव्हतं. दोन ब्राउझर उघडून तिने प्रयत्न केला होता, पण हाताने एवढं नेमकं जुळत नाही. मी शीटमध्ये तिच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘नंतर’ असं टाइप केलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

अडचण

सोमवार, सकाळचे दहा. मी महाविद्यालयाच्या ऑफिसात बसलो होतो. बाहेर व्हरांड्यात मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर मोबाइल धरून बसलेली, तत्काळ तिकिटाच्या वेळी बसावं तशी. दहाला पान उघडलं. पहिली काही सेकंद ठीक गेली आणि मग बाहेरून एकदम आवाज आला. कोणी ओरडत नव्हतं. शंभरेक जणांनी एकाच वेळी “अरे!” म्हटल्यावर जसा आवाज होईल, तसा तो होता.

स्क्रीनवर चाक फिरत राहायचं आणि बरोबर एक मिनिटाने गेटवे टाइमआउटचा, म्हणजे ‘वेळेत उत्तर आलं नाही’ असं सांगणारा, पांढरा कागद. मुलं पुन्हा दाबत होती, रिफ्रेश करत होती, घरी फोन करून भावाला लॅपटॉपवरून लॉगिन करायला सांगत होती. दहा वाजून बावीस मिनिटांनी आम्ही प्रणाली थांबवली.

तोवर १,१४० जणांची नोंद झाली होती. त्यातल्या ४१ जणांच्या नावावर दोन-दोन विषय पडले होते. आणि शेअर बाजाराच्या साठ जागांवर सदुसष्ट विद्यार्थी होते. आणखी दोन विषयांत बासष्ट आणि एकसष्ट.

पान हळू चालणं मला समजत होतं. साठात सदुसष्ट मात्र समजत नव्हते. एकसष्टाव्याला अडवणारा केस पास झाला होता. मी स्वतः तो पाहिला होता.

मुळाशी काय होतं

सर्व्हरचा आलेख पाहिला तर प्रोसेसर नऊ टक्क्यांवर. दमल्याचं एकही चिन्ह नाही. तो कशाची तरी वाट बघत होता.

कोडमध्ये नोंदणीचा क्रम असा होता: ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं डेटाबेसचं काम) उघडा, त्या विषयात किती नोंदी आहेत ते मोजा, साठाहून कमी असतील तर नवी नोंद घाला, विद्यार्थ्याला एसएमएस पाठवा, कमिट करा, म्हणजे सगळं पक्कं करा. एसएमएस कमिटच्या आधी ठेवण्यामागे विचार होता, की एसएमएस गेला नाही तर नोंदही राहू नये. वाचताना हे शहाणपणाचं वाटतं. पण एसएमएस पोचवणाऱ्या खऱ्या गेटवेला एका एसएमएसला सव्वा सेकंद लागत होता, आणि तेवढा वेळ डेटाबेसचं एक कनेक्शन अडकून राहत होतं. अशी कनेक्शन तयार ठेवणारा आमचा कनेक्शन पूल हिकारी या लायब्ररीचा. त्याचं मूळ सेटिंग असतं १० कनेक्शनचं आणि आम्ही ते बदललेलं नव्हतं.

दहा कनेक्शन, प्रत्येक काम सव्वा सेकंदाचं: सेकंदाला आठ नोंदी. पुढे उभ्या असलेल्या, विनंत्या आत पोचवणाऱ्या एनजिनएक्स सर्व्हरची सहनशक्ती मूळ सेटिंगनुसार ६० सेकंदांची. म्हणजे पहिल्या मिनिटात फार तर ४८० जणांचं काम होणार आणि बाकीच्यांना टाइमआउट. शिवाय टाइमआउट दिसला म्हणजे मागचं काम थांबलं असं होत नाही. ॲप्लिकेशन ती सोडून दिलेली विनंतीही इमानेइतबारे पूर्ण करत बसतं. मुलाने वैतागून दुसरा विषय दाबला, आणि थोड्या वेळाने दोन्ही नोंदी लागल्या. ते ४१ जण असे तयार झाले.

आता सदुसष्ट. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये एका ट्रान्झॅक्शनने घातलेली नोंद कमिट होईपर्यंत दुसऱ्याला दिसत नाही. एकाने मोजलं, एकोणसाठ. जागा आहे. त्याने नोंद घातली आणि एसएमएसची वाट बघत सव्वा सेकंद थांबला. त्या सव्वा सेकंदात दुसऱ्याने मोजलं, त्यालाही एकोणसाठच दिसले. तिसऱ्यालाही. दहा कनेक्शन असल्यामुळे एका वेळी दहाच जण मोजणं आणि कमिट यांच्यामधल्या या खिडकीत येऊ शकत होते, म्हणून साठावर जास्तीत जास्त नऊ वाढू शकले असते. आमचे सात वाढले. पहिल्या झटक्यात दहातल्या आठ विनंत्या याच विषयासाठी होत्या, हे लॉगवरून नंतर कळलं.

प्रणाली हळू चालली ती त्या सव्वा सेकंदामुळे, आणि चुकीची चालली तीही त्याच सव्वा सेकंदामुळे. आमच्या फंक्शनल चाचण्यांना तो दिसणं शक्य नव्हतं, कारण तिथे गेटवे डमी होता. एसएमएसचा मजकूर दूरसंचार नियमांप्रमाणे डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर मंजूर व्हावा लागतो. ती मंजुरी शेवटच्या दिवसांत आली, तोवर आम्ही ‘पाठवला’ असं लगेच उत्तर देणारा डमी लावून काम भागवलं होतं. तो कधी बदलून तपासलाच नाही.

समोरचे पर्याय

साडेअकराला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सर शांत होते, पण त्यांना एकच हवं होतं. “दुपारी दोनला पुन्हा सुरू करता येईल ना? मुलं गावागावांहून आलीयत हो.”

आमच्या अनुभवी डेव्हलपरचं म्हणणं होतं की दोन वाजता जमेल. पूल दहाचा ऐंशी करू, सर्व्हर मोठा घेऊ. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये शंभर कनेक्शन घेतो, तेव्हा ऐंशीला अडचण नाही. हिशोबाने नोंदी सेकंदाला आठाच्या चौसष्ट झाल्या असत्या. वेगाच्या दृष्टीने त्याचं चुकत नव्हतं.

हे ऐकत असतानाच मी कागदावर दुसरा आकडा मांडला. खिडकीत एका वेळी दहाऐवजी ऐंशी जण. साठावर नऊऐवजी एकोणऐंशी वाढू शकतात. पान झरझर चाललं असतं, सगळ्यांना ‘अभिनंदन’ दिसलं असतं, आणि चुकीचा आकडा संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नसता. या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो तो हा क्षण. दोनला सुरू करण्याच्या बाजूने केबिनमधले सगळे होते, तासाभरापूर्वी मीही होतो.

दुसरा पर्याय गट पाडण्याचा: आधी कला, मग वाणिज्य, मग विज्ञान. गर्दी विभागली गेली असती, पण जागा सगळ्यांच्या सामाईक. जो गट पहिला, त्याचीच चंगळ. उपप्राचार्य मॅडमनी तो तिथेच फेटाळला आणि ते योग्यच होतं.

तिसरा पर्याय त्यांनीच मांडला. घाई कशाला? प्रत्येकाकडून पाच पसंतीक्रम घ्या, तीन दिवस मुदत द्या, मग गुणांनुसार वाटप करा. गर्दीचा प्रश्नच मिटतो. पण नियम आधीच जाहीर झाला होता, आणि मधेच बदलला तर पालक भांडायला आले असते. तो पुढच्या सत्रासाठी ठेवला.

चौथा, तीन दिवस मागायचे. दुरुस्ती करायची, खऱ्या गर्दीसारखी चाचणी घ्यायची, गुरुवारी दहाला पुन्हा उघडायचं. सरांना तो नको होता. मी कागदावरचे दोन आकडे, नऊ आणि एकोणऐंशी, त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “गुरुवार. पण गुरुवारी पुन्हा हे झालं तर मी मुलांना तोंड दाखवू शकणार नाही.”

झालेल्या १,१४० नोंदी ठेवायच्या की रद्द करायच्या, हा वेगळाच पेच होता. मी ठेवा म्हणालो, महाविद्यालयाने ठेवल्या. ज्याला मिळालंय त्याच्याकडून काढून घेणं कठीण, हा माझा मुद्दा होता. पण वेळेवर बटण दाबूनही केवळ टाइमआउटमुळे मागे पडलेली मुलं होतीच, आणि त्यांच्या बाजूने त्या खोलीत कोणी बोललं नाही. हा निर्णय मला आजही बोचतो.

काय केलं

दुरुस्ती करण्याआधी आम्ही जुनंच कोड मोडून दाखवायचं ठरवलं. जी चूक चाचणीत पुन्हा घडत नाही, ती दुरुस्त झाली असं म्हणायला आधार नसतो.

या वेळी जेमीटरची मांडणी टेस्टरने केली, आणि अंदाजावर न करता सोमवारच्या लॉगवरून केली. २,४०० विद्यार्थी, बहुतेक पहिल्या अर्ध्या मिनिटात. पहिल्या लाटेत दहातले आठ एकाच विषयावर. आठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा दाबणारे, आणि त्यातले काही दुसराच विषय दाबणारे. डमी गेटवे ठेवला, पण त्याला मुद्दाम सव्वा सेकंद झोपवलं. पहिल्यांदा ऑफिसच्या वायफायवरून चाचणी चालवली तर आमचाच लॅपटॉप धापा टाकू लागला, म्हणून भार टाकणारं मशीन क्लाउडवर नेलं.

सगळ्यांत महत्त्वाची भर तिने घातली ती चाचणी संपल्यानंतरच्या दोन क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या दोन प्रश्नांची. कुठल्या विषयात साठाहून जास्त नोंदी आहेत? कुठल्या विद्यार्थ्याच्या नावावर एकाहून जास्त विषय आहेत? दोन्हींचं उत्तर शून्य ओळी आलं, तरच चाचणी पास. वेग कितीही छान असो.

सोमवारी रात्री जुन्या कोडवर पहिली फेरी झाली. शेअर बाजार: ६६. खोलीत कोणी काही बोललं नाही, पण दिवसभरात पहिल्यांदाच मला हायसं वाटलं. चूक हातात आली होती.

मग कुतूहल म्हणून जुनंच कोड, पूल ऐंशी. उत्तराचे वेळ सुधारले, टाइमआउट जवळपास संपले. शेअर बाजारात ११३. दुपारी दोनला आम्ही सुरू केलं असतं तर हेच झालं असतं.

मंगळवारी एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला. नोंदीबरोबर ‘पाठवायचे एसएमएस’ या टेबलात एक ओळ घालायची आणि कमिट करायचं. मागे चालणारा वेगळा प्रोग्राम, म्हणजे वर्कर, त्या ओळी उचलून गेटवेकडे पाठवेल. ट्रान्झॅक्शन पंधरा मिलिसेकंदांवर आलं. दहा कनेक्शनमध्येच सेकंदाला साडेसहाशेच्या घरात नोंदी बसू लागल्या. पूल वाढवावाच लागला नाही.

इथे टीम थांबायला तयार होती. रिपोर्ट सुंदर दिसत होता. पण क्वेरी वीस फेऱ्यांत सहा वेळा ओळ दाखवत होती: एकदा ६२, बाकी ६१. खिडकी सव्वा सेकंदावरून पंधरा मिलिसेकंदांवर आली होती, बंद झाली नव्हती. फक्त वेगाचे आकडे पाहिले असते तर मंगळवारी संध्याकाळी आम्ही घरी गेलो असतो.

बुधवारी मोजून-मग-घाला ही पद्धतच काढली. विषयाच्या ओळीत ‘शिल्लक जागा’ हा आकडा ठेवला. नोंदणी म्हणजे एकच आज्ञा: शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर. किती ओळी बदलल्या ते बघायचं. एक बदलली तर जागा मिळाली, शून्य बदलल्या तर संपल्या. दोघे एकदम आले तर डेटाबेस दुसऱ्याला पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबवतो आणि अट नव्याने तपासतो. विद्यार्थी आणि सत्र या जोडीवर युनिक बंधन घातलं, म्हणजे दोन विषय लागणं डेटाबेसच नाकारेल. वीस फेऱ्या, दोन्ही क्वेरी शून्य. मग आणखी वीस.

निष्पत्ती

गुरुवारी दहाला उरलेल्या १,२६० जणांसाठी पान उघडलं. पहिल्या दीड मिनिटात हजारावर नोंदी झाल्या. शंभरातल्या पंचाण्णव विनंत्यांना पाऊण सेकंदाच्या आत उत्तर मिळालं. नव्याने एकही विषय साठाच्या वर गेला नाही.

तरी दहा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसचे फोन वाजू लागले. “एसएमएस आला नाही, ॲडमिशन झालं का?” आमचा वर्कर एकेक एसएमएस पाठवत होता, प्रत्येकी सव्वा सेकंद. १,२६० एसएमएसना सव्वीस मिनिटं लागली. वेगासाठी केलेल्या बदलाने विद्यार्थ्याच्या अनुभवातली एक गोष्ट बदलली होती: आधी ‘अभिनंदन’ दिसण्यापूर्वीच एसएमएस यायचा, आता नंतर. २८६ केसमध्ये ‘एसएमएस येतो का’ होतं, ‘किती वेळात येतो’ नव्हतं. संध्याकाळी यशाच्या पानावर मोठ्या अक्षरात नोंदणी क्रमांक आणि ‘एसएमएस अर्ध्या तासात येईल’ अशी ओळ घातली.

जास्तीच्या सात जणांचं काय? वेळेच्या शिक्क्यावरून शेवटचे सात काढावेत असं आधी ठरत होतं. पण आमचा शिक्का ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ दाखवत होता, मुलाने बटण दाबल्याची नव्हे. काही मिलिसेकंदांच्या फरकावर, तोही चुकीच्या घड्याळाने मोजलेल्या, कोणाला बाहेर काढायचं? विभागप्रमुखांनी सातही जणांना ठेवलं आणि प्रात्यक्षिकाची एक छोटी जादा तुकडी स्वतः घेतली.

आज वेगळं काय करेन

पहिली गोष्ट, त्या रकान्यात ‘नंतर’ लिहिणार नाही. टेस्टरचा प्रश्न ना निव्वळ फंक्शनल होता ना निव्वळ परफॉर्मन्सचा, आणि म्हणूनच तो कोणाच्याच यादीत बसला नाही. एका माणसाने केलं तर बरोबर घडतं का, हे फंक्शनल चाचणी सांगते. हजारांनी केलं तर किती वेळात घडतं, हे लोड टेस्ट सांगते. हजारांनी एकदम केलं तरी बरोबरच घडतं का, हे विचारायला आमच्याकडे दोन्हींपैकी एकही चाचणी नव्हती. आता आमच्या प्रत्येक लोड टेस्टच्या शेवटी बरोबर-चूक तपासणाऱ्या क्वेरी असतात.

दुसरी, करार करतानाच ‘किती जण, किती वेळात’ हे लिहून घेईन. आमच्या मागण्यांच्या कागदात २,४०० हा आकडा होता, पण ते सगळे दहाच्या ठोक्याला येतील हे कुठेच नव्हतं, जरी पहाटेची रांग आम्ही डोळ्यांनी पाहिली होती.

तिसरी, विषयांची यादी बघायला लॉगिन आणि डेटाबेस लागू नये. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ हेल्थकेअर डॉट गव्ह सुरू झालं, तेव्हा योजना बघण्याआधीच खातं उघडण्याची सक्ती होती. सगळी गर्दी त्या एका दारात अडकली आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. आमची मुलंही नुसती यादी बघायला तीच दहा कनेक्शन अडवत होती. यादी आता साधं पान म्हणून दिली जाते.

आणि मॅडमचा पसंतीक्रमाचा पर्याय मी पहिल्या बैठकीतच, काम सुरू होण्याआधी मांडला असता. महाविद्यालयाने तो पुढच्या सत्रात आणला: पाच पसंती, तीन दिवस मुदत. दहाची झुंबड गेली. आम्ही लोड टेस्टची मांडणी सपाट केली, तीन दिवसांवर पसरलेली. टेस्टरने ती पाहिली आणि विचारलं, “सर, शेवटच्या रात्री?” या वेळी मी थांबलो आणि मांडणी बदलली. मुदत रात्री बाराला संपत होती. निम्म्याहून जास्त अर्ज शेवटच्या दोन तासांत आले.